दवाखान्याचा गाळा

— बसा हो, उठू नका, ती येईल. सिद्धगडाच्या पायथ्याला एकाची विहिरीवरची मोटर जळलीय, ती बघाला गेलीय सकाळीच. तुमी येणार ते तिला सांगितलं नव्हतं — म्हणजे सांगणारच होते, पण सांगितलं असतं तर ती अजून लांबच्या विहिरीवर गेली असती, म्हणून नाय सांगितलं. हसताय तुमी, पण खरं हाय ते. मी तिची मोठी काकी, हौसा. आई तिची, अनिता, आत चहा ठेवतेय. ती फारशी बोलत नाय, या घरात बोलायचं काम माझ्याकडं हाय. तर तुमी काय विचारत होतात — हां, डॉक्टरकीचं. तुमचा प्रज्वल वाशिंदला दातांचा डॉक्टर, आणि कोणीतरी तुमच्या कानावर घातलं की आमची रेश्मापण त्याच लायनीत होती. होती ना. लायनीतच होती — उभी. तीन वर्षं उभी होती, नंबर काय आला नाय.

खरं सांगू, मी तुमाला वेगळं सांगणार होते. तिनंच सोडलं, तिला ते रक्त-बिक्त बघवत नाय, असं. लग्नाच्या बोलण्यात एवढं चालतं, तुमीपण काय सगळं खरं सांगत नसाल. पण तुमी डॉक्टरची आई, दोन प्रश्नांत मला धरलं असतंत, त्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं. दातांचं खूळ पोरीचं नव्हतंच मुळी. ते नवसूचं — तिच्या बापाचं, माझ्या धाकट्या दिराचं. तो तुमच्या वाशिंदच्याच कंपनीत होता कामाला. एकदा त्याची दाढ सुजली, तिकडंच एका डॉक्टरकडं गेला. बाकड्यावर माणसं दाटीवाटीनं बसलेली, आतला माणूस तोंड वासून पडलेला आणि डॉक्टर आपला गाणी ऐकत काम करतोय. घरी आला तो गाल धरूनच बोलला, "वयनी, धंदा असावा तर असा. गिऱ्हाईकाला भांडता येत नाय, त्याचं तोंड उघडं असतं." मी बोलले, तुझी दाढ बरी झाली का ते सांग. तर तो आपला वेगळ्याच तंद्रीत — मोठ्या डॉक्टरकडं कोण मेलं तर लोकं काचा फोडतात, दातानं कोण मरतं? ठरलं. पोरगी तेव्हा शाळेत, हुशार, वर्गात पयली. तिला काय कोणी विचारलं नाय. आमच्यात बैल घेताना बैलाचे दात बघतात, पण बैलाला विचारतो का आपण?

बारावी झाली दोन हजार साली, मुरबाडला. मार्क चांगले पडले, पेढे वाटले नवसूनं, टोकावड्याच्या फाट्यापर्यंत वाटत गेला. मग ती सीईटी. तिच्या यादीत नाव नाय. नवसू बोलला, पयली पेरणी पाखरांची, दुसरी आपली. आणि त्याच उन्हाळ्यात — तुमी येताना बघितलात ना रस्त्याला, निळं शटर — तो गाळा बांधला. पोरीला कॉलेज मिळालं नाय आणि यानं दवाखाना बांधला. आत पांढऱ्या लाद्या, आणि कोपऱ्यात बेसिन, पेशंटला चूळ भराला. मुरबाडचा प्लंबर विचारतो, किती उंचीवर लावू? तर नवसू घरातली खुर्ची घेऊन गेला, तिच्यावर मागं रेलून बसला आणि थुंकून दाखवलं — इथं. गावातली माणसं जमली होती बघाला. मीपण गेले होते. मी तर बोलले, थोडं खाली घे, म्हाताऱ्या बायका येतील. आता काय बोलायचं.

दुसऱ्या वर्षी कल्याणला क्लास लावला. पहाटेच्या एसटीनं जायची, दिवस मावळल्यावर याची, वाळून काडी झाली पोरगी. तेव्हा नाव आलं — वेटिंगला. वेटिंग म्हणजे काय ते आमाला कुठं ठावूक. पंगतीत पाट मांडलाय, बसवलंयपण, पानच वाढत नाय, आणि शेजारचा जिलेबी खातोय — ते वेटिंग. नवसू फाट्यावरच्या फोनवरनं रोज तिकडं फोन कराचा. तिकडचा माणूस त्याला आवाजावरनं ओळखाला लागला. मग एक दिवस कोणी फोन उचलाचंच बंद केलं, तेव्हा समजलं की संपलं.

तुमच्या प्रज्वलला कितव्या वेळेला मिळालं? पयल्याच. वा. चांगलं हाय.

तिसऱ्या वर्षी बोलावलं मुंबईला. मोठा हॉल, वरती बोर्डावर जागा दिसतात, कोणी घेतली की एक कमी होते. बापलेक बसलेत. नवसूनं लग्नातला शर्ट घातलेला. हिचा नंबर जवळ येत गेला आणि बोर्डावरचा आकडा खाली येत गेला, आणि हिच्या आधीच्या पोरानं शेवटची सरकारी जागा घेतली. टेबलावरचा माणूस बोलला, पैसे भरून खाजगीला मिळेल, विचार करा. रेश्मा उठली, थँक्यू बोलली त्याला. नवसू नाय उठला. तो त्या माणसाला सांगाला लागला, "साहेब, आमचा गाळा तयार हाय. बेसिनपण बसवलंय." हे मला नवसूनं नाय सांगितलं, पोरीनं सांगितलं. बोलली, काकी, तो माणूस हसलापण नाय. हसला असता तर बाबांना राग तरी आला असता, उठले तरी असते. तिनं हाताला धरून उठवलं त्याला. एवढ्या माणसांत.

मग घरी माणसं येऊ लागली. मयताला येतात तशी. दारात चपला काढाच्या, हळू आवाजात बोलाचं, आणि चहा प्यायला की सल्ला द्याचा. तिचा मामा शहापूरवरनं आला — डी.एड. कर, मास्तरीण हो, सुट्ट्या असतात. गुणाबाई आली शेजारची — लग्न कर, सासरी कोण दात बघतंय. एक रिटायर मास्तर आले, ते बोलले होमिओपॅथी घे, गोळ्या गोड असतात, पोरं रडत नाय. एक तर बोलला चौथ्यांदा बस परीक्षेला. रेश्मानं सगळ्यांना चहा दिला. साखर किती, तेवढंच विचाराची. मीपण बोलले असेन काहीतरी. मी कधी बोलत नाय?

पण नवसूच्या डोक्यात त्या माणसाचं एकच वाक्य — पैसे भरून मिळेल. आमचं नदीकाठचं शेत हाय, भात चांगलं पिकतं, उन्हाळ्यात भेंडी होते. ते विकाचं ठरवलं त्यानं. तेव्हा मुंबईची माणसं फार्महाऊससाठी फिरतच होती इकडं. आला एक, जीप घेऊन, काळा चष्मा. बांधावर उभा राहून बायकोला सांगतोय, इथं झोपाळा टांगू, इथं पोहायचा हौद. नदी बाजूला वाहतेय आणि हा हौद बांधणार. आमी सगळे तिथंच, मीपण, कारण जमीन सामाईक, माझ्या नवऱ्याच्या मागं माझी सही लागते. मी देणार होते हो सही. त्यात काय. तेवढ्यात रेश्मा सगळ्यांच्या देखत बोलली, "बाबा, जमीन विकाची नाय. मी नाय जाणार. फुकट दिलं तरी नाय जाणार." नवसू खालच्या आवाजात बोलला, "माझ्यासाठी जा." तर ती बोलली, "तुमच्यासाठीच तीनदा गेले."

त्या मुंबईवाल्यानं चष्मा काढला. बायकोला बोलला, चल गो. गेले. नवसू तिथंच बांधावर बसला, आणि ही गोठ्यामागं जाऊन जी रडली — हे काय तुमाला सांगाचं नव्हतं मला. अनिता, चहा झाला का गो?

मग सहा-आठ महिने तसेच. बाप बोलत नाय, लेक बोलत नाय, अनिता तर मुळात बोलतच नाय, घरात मी एकटी रेडिओसारखी. गाळ्यात पेंढा भरला. बेसिनमधी एक कोंबडी अंडी घालाची. लोक याचे-जाचे रस्त्यानं, विचाराचे, काय नवसू, दवाखाना कधी उघडतोय? माणसाला दुखतं कुठं ते आपल्या लोकांना न शिकता कळतं, त्याला कॉलेज लागत नाय.

मार्च महिन्यात शेतावरची मोटर जळली. भेंडी तोडणीला आलेली आणि पाणी बंद. मुरबाडला कमळू मिस्त्रीकडं नेली, तो बोलला पंधरा दिवस लागतील, माझ्याकडं अजून ढीगभर पडल्यात. रेश्मा तिथंच बसून राहिली. बोलली, मी मदत करते, लवकर द्या. तो काय बोलणार — बस. जळलेली तार काढाची, नवी गुंडाळाची, एकावर एक, मोजून, कुठं ओरखडा पडता कामा नये. चार दिवस जात होती. मोटर घेऊन आली, चालू केली, पाटाला पाणी आलं, भेंडी निम्मी वाचली. निम्मी गेली, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी ती जेवताना बोलली, "मी आयटीआयला जाते, शहापूरला. मोटरीचं शिकते." नवसूनं हात थांबवला. किती महिन्यांनी पयलं बोलला तिच्याशी — "तिथं नापास झालेली पोरं जातात." ती बोलली, "मग माझी जागा बरोबर हाय." आणि भात मागितला.

मामाकडं राहिली शहापूरला. वर्गात सगळी पोरं, ही एकटी पोरगी. कुठनं तरी तिची गोष्ट पोरांना कळली आणि त्यांनी नाव पाडलं, डॉक्टर. चिडवायचं म्हणून. ते नाव इथपर्यंत आलं तिच्या मागनं. आता बघा, या रस्त्याला कोणाची मोटर जळली, पिठाची चक्की बंद पडली, तर बोलतात डॉक्टरकडं ने. चिडवतात का खरंच बोलतात ते त्यांनापण आता कळत नसेल. गाळ्याची चावी नवसू देत नव्हता. खुंटीला अडकवलेली, तिच्यावर त्याची टोपी. तर या अनितानं, जी कधी बोलत नाय, टोपी उचलली, चावी काढली आणि पोरीच्या ओटीत टाकली. टोपी परत खुंटीला. नवसू बघतोय. पेंढा काढला, लाद्या धुतल्या, कोंबडीला हाकललं. त्या बेसिनमधी आता ती हात धुते, ग्रीसचे. पांढरं राहिलं नाय ते.

हात? हां, हात असेच असतात तिचे. काळे. प्रज्वलनं तिला कोणाच्या तरी लग्नात बघितलं ना, तेव्हा मेंदी असेल. जातं ना, सोड्यानं घासलं की जातं थोडंफार.

नवसू अजून आत पाऊल टाकत नाय. जेवायचा डबा द्याला जातो, तो शटरच्या बाहेरनं हाक मारतो आणि दगडावर ठेवून येतो. गिऱ्हाईक किती ते मात्र रस्त्यापलीकडनं मोजतो, मी बघितलंय. आणि एसटीत कोणी अनोळखी भेटला, मुलगी काय करते विचारलं, तर बोलतो, तिचा दवाखाना हाय. अजून. म्हणून तर तुमाला मी निरोप धाडला — म्हणजे, तुमीच विचारलं होतं, पण मीपण म्हटलं चला, लेक नाय तर जावई. घरात एक डॉक्टर आला, की या माणसाचं तोंड बंद — बंद नाय, काय म्हणतात ते, समाधान.

काय बोललात? रविवारी? प्रज्वल रविवारी इथं बसेल? अगोबाई. इथं म्हणजे — गाळ्यात. बघितलात तर तुमी नीट, येतानाच बघितलात. हो, रस्त्यालाच हाय, घाटातनं येणाऱ्या सगळ्या गाड्या तिथनंच जातात. पाणी हाय, लाईट हाय, बेसिन हाय. एवढं आयतं कुठं मिळणार, खरं हाय. आणि मोटरी? मागं पडवीत. पडवीत पाऊस येतो हो, तारा भिजतील. बंदच करायचं? लग्नानंतर नायतरी ती वाशिंदलाच. हां. आणि तिथं ती काय करेल? पेशंटची नावं लिहील. नंबर पुकारेल. बसून काम, हात स्वच्छ.

तुमच्या प्रज्वलला बारावीला किती होते, ताई? — असू दे, असू दे. नसतील आठवत. खाजगीच ना? तरीच पयल्याच वेळेला.

नाय, मी रागावले नाय. मी कशाला रागावू, मीच तर बोलावलं. हा घ्या चहा आला, चहाला नाय म्हणू नका. अनिता, पोहे राहू दे गो, त्यांना निघाचं हाय. मुरबाडची गाडी एवढ्यात येईल, फाट्यापर्यंत चालत जावं लागतं. नाय, रेश्मासाठी थांबू नका, तिला उशीर होईल, विहीर खोल हाय. तिला मी काय सांगाची नाय तुमी आल्याचं. तुमचा प्रज्वल चांगला असेल, त्याला चांगली मिळेल, आमच्या पोरीचे हात काळे हायत.

घाई करते म्हणून राग मानू नका. नवसू शेतावरनं येतच असेल, त्याच्या आधी तुमी गेलेलं बरं. छे, भांडणार नाय तो. भांडला असता तर मी तुमाला जेवूनच जा बोलले असते. तुमी आता रविवारचं बोललात ना, ते त्याच्या कानावर पडलं तर तो लगेच हो बोलेल. चला, उठा.