रोमच्या पाठीमागे

(घाटकोपर, एप्रिल १९५५. शाळा सुटली आहे. नववीच्या वर्गात इतिहासाचे मार्तंड सर आणि त्यांची विद्यार्थिनी जानकी. टेबलावर भिंतीवरून काढलेला, पालथा घातलेला नकाशा.)

— सर, वाचलंत ना? मग काहीतरी बोला ना.

— थांब गं, चष्मा पुसू दे... ‘ग्रीस आणि रोम हा भाग यंदा वगळला आहे. त्याऐवजी प्राचीन भारत.’ अरे देवा! जानकी, हे तुला कुठं सापडलं?

— आपल्या नकाशाच्या मागे. रोमचे प्रांत पाठ करायला घरी न्यावा म्हणून काढला, तर पाठीमागे हे छापलेलं.

— चार पाठकोरे कागद खळीनं चिकटवून मीच केला होता तो, जूनमध्ये. हेडसरांकडे नवा कागद मागायचा संकोच वाटला.

— खाली सही आहे, सर. तुमची.

— असणारच. गुणाजी शिपाई दहा सर्क्युलरं एकदम घेऊन आला. ॲडमिशनचे दिवस. न वाचता सह्या ठोकल्या मी.

— आणि आम्ही वर्षभर ह्याच्याचकडे तोंड करून बसलो.

— असं नको बोलूस गं.

— मग कसं बोलू? उद्या अकराला पेपर! हॅनिबलचे हत्ती कुठल्या डोंगरातनं गेले, झोपेतनं उठवून विचारा, सांगेन. अशोकाचं काय येतं मला?

— सहामाहीचा पेपर मीच काढला होता. हा वार्षिकचा बाहेरून येतो, सगळ्या शाळांना एकच. हेडसरांच्याही हातात काही नाही. बस तू. आत्ता सुरू करतो. मोहेंजोदडो, मग मौर्य, सातवाहन, गुप्त...

— किती पानं?

— एकशेचाळीस.

— पाच वाजले, सर. साडेपाचला चाळीत पाणी येतं. आई एकटी आहे.

— अख्खा वर्ग बुडवला मी.

— वर्गाचं काय! पोरं पुन्हा नववीला बसतील. मी नाही बसणार. बाबांनी साफ सांगितलंय, एका विषयात जरी नापास झालीस तरी मे महिन्यात गावी लग्न. देवगडचा मुलगा बघूनसुद्धा ठेवलाय.

— चल, मी येतो तुझ्या घरी. हा कागदच दाखवतो त्यांना. चूक माझी आहे, पोरीची नाही.

— बाबांना वाचता येत नाही, सर.

— मग तोंडानं सांगतो. हात जोडतो!

— तेच तर नको. मागे मी एकदा म्हटलं, गणिताच्या बाईंनी फळ्यावर उत्तर चुकीचं लिहिलं. तर मिलमधनं थकून आलेले बाबा ताडकन उठले. ‘मास्तर कधी चुकतत काय गो?’ तुम्ही हात जोडलेत ना, तर त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल. म्हणतील, एवढा शिकलेला माणूस, माझ्या पोरीची चूक अंगावर घेतोय.

— मग मी काय करू गं? तूच सांग, काय करू?

— काही नाही, सर. बाबा मला म्हणतील, पड मास्तरांच्या पाया. आणि मी पडेन.