एक चौकोन कमी

— हात काढा आधी. पेनड्राइव्ह माझा आहे, मीच लावणार. आणि ते जाहिरातीचं नका हो वाचून दाखवू, कीबोर्ड काढला की टॅबलेट, लावला की लॅपटॉप — हे दोन दुकानांत ऐकून आलेय. मी विचारते तेवढं सांगा, यावर माझी लिनक्स सिस्टीम चालवली की पडद्याला बोट कळतं का? नाही ना माहीत? मग सरका बाजूला. बिघडत नाही काही, तुमचं काही पुसतही नाही, नुसतं पेनड्राइव्हवरून चालू करून बघते — चपला घेताना चार पावलं चालून बघतो तसं. पहिल्या दुकानातलं चालू झालं, पण बोट घासून घासून माझं कातडं झिजलं, पडदा ढिम्म. दुसऱ्यात कीबोर्ड काढला आणि सगळं उलटं, वर दाबलं की खाली उमटतंय. आता हे तिसरं. चौथं दुकान या गावात नाही. आणि याला भोक एकच! चार्जर लावू की पेनड्राइव्ह? बॅटरी किती आहे — अकरा टक्के. वा. दुकानात ठेवता आणि उपाशी ठेवता.

हसलात. बघितलं मी. म्हातारीला कशाला असले नाद, असंच ना? सातवी शिकलेय मी. हे सगळं एकसष्टाव्या वर्षी शिकले, एकटीने, चुकत चुकत — शिकवायला कोण येणार होतं, भिंत? दुसऱ्या सिस्टीमवर भाडेकरूसारखं राहावं लागतं, मधेच अपडेट, मधेच परवानगी. इथे घर माझं. खिळा कुठे ठोकायचा ते मी ठरवते.

गरज काय म्हणता? आमच्या ह्यांची वाचा गेलीय, दीड वर्ष झालं. डावा हात तेवढा चालतो. मी त्यांच्यासाठी प्रोग्राम लिहिलाय — मोठे मोठे चौकोन, दाबला की शब्द बोलतो. पाणी. कूस. खिडकी. दुखतंय. यंत्राचा आवाज डब्यातून आल्यासारखा यायचा, म्हणून सगळे शब्द मी माझ्या आवाजात भरले. त्यांना पांघरुणावर ठेवायला पाटी हवी, मला शब्द बदलायला कीबोर्ड. कळलं आता? नऊ टक्के.

जुनं ना? पडलं. हातातून निसटलं माझ्या — नाही, खोटं कशाला बोलू, तुम्ही कोण माझे. त्यांनी ढकललं. डाव्या हाताने, सगळा जोर लावून. आणि का, तर एक चौकोन मी काढून टाकला होता म्हणून. 'नको'चा. औषध आणलं — नको. व्यायाम — नको. भात कालवून नेला — नको. चाळीस वर्षांत हा माणूस मला एकदा नको म्हणाला नाही हो! मी म्हणेन ती पूर्व. आणि आता दिवसभर नको, तेही माझ्याच आवाजात, माझ्याच तोंडावर. एका सकाळी बसले आणि उडवला. एक ओळ तर पुसायची होती. बोलेनासे झाले ते. पाणीसुद्धा मागितलं नाही. चार दिवस त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी म्हटलं, बघा किती बघायचं ते. पाचव्या दिवशी ढकललं. आता मी खोलीत गेले की भिंतीकडे तोंड करतात.

थांबा — आलं, चौकोन आले! कीबोर्ड काढा. हळू. फिरलं? सरळच आहे. दाबा 'पाणी'. ... बोललं! बोट लागतंय! अहो, लागतंय!

सहा टक्के. थांबा, बंद नका करू. कीबोर्ड द्या इकडे. मी जुनी फाइल कधी पुसत नाही, नाव बदलून ठेवते — ही बघा. यात वीस नाही, एकवीस चौकोन आहेत. आता तीच लावते... तुमच्यासमोरच लावते, घरी गेल्यावर माझं मन फिरायचं. हं. खालच्या कोपऱ्यात, लाल. दाबा.

दाबा ना. घाबरताय काय?

...

परत एकदा.

...

पुरे. बघत काय उभे राहिलात? खोकं आणा. आणि पूर्ण चार्ज करून द्या — त्यांना आज बरंच बोलायचं असेल.