मुखवटेवाल्याचा आठवा भाग

माझं लग्न कसं जमलं ते सांगतो, पण हिच्यासमोर काढू नका.

गडमुडशिंगीला मुलगी बघायला गेलो होतो. मी नववीत शाळा सोडलेला, शिरोलीच्या फाउंड्रीत कामाला, आणि परक्यांत तोंड न उघडणारा. मुलगी पाहताक्षणी आवडली, पण बोलायचं काय? तिच्या वडिलांनीच विचारलं, "पावणं, नाद कसला हाय?"

घाबरून खरंच बोलून गेलो. "मुखवटेवाल्या खुन्याचे इंग्रजी पिक्चर. सातही भाग बघितलेत. दर भागात तो मरतो आणि पुढच्यात परत येतो."

तिची आत्या म्हणाली, "पिंडाला कावळा शिवला नसंल."

सगळे हसले. स्थळ गेलंच, म्हणून मी मान खाली घातली. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "आठव्यात बी येतोय की परत."

वडील गर्रकन वळले. "टायपिंगच्या क्लासला म्हणून हेच बघाय जातीस व्हय?"

मी जन्मात पहिल्यांदा मोठ्यानं बोललो, "मीच सांगितलं त्यांना."

"कवा? आन् तुमी तर सातच बघितलासा की!"

मुलगी पदराआड हसत होती.

आत्या म्हणाली, "दादा, नववा भाग यायच्या आत ह्यांचं उरकून टाक."