कुत्र्याचा हमीदार

हिमेजीच्या श्वान-निवाऱ्यात कुरामोची आपल्या नंबराची वाट पाहत होते. समोरच्या टेबलाशी वॉकर धरून एक आजी बसल्या होत्या, शेजारी त्यांची मुलगी. टेबलापलीकडे निवाऱ्यातली बाई फॉर्म भरत होती.

“साठीपुढच्यांना हमीदार लागतो, आजी. उद्या तुम्हाला काही झालं, तर कुत्रं कोण नेणार?”

“मी नेईन. मी मुलगी यांची. आई, ते उड्या मारणारं पिलू नको हं, पायात येऊन पाडेल तुला.”

“बरं बाई. ती कोपऱ्यातली दाखवा.”

“ती नऊ वर्षांची आहे, आजी. भुंकत नाही, ओढत नाही. ताई, तुमच्याकडे जागा आहे ना?”

“एक खोली रिकामीच असते.”

“रिकामी? मला म्हणाली होतीस, पाय ठेवायला जागा नाही.”

“आई, कुत्रं केवढं, तू केवढी!”

“तुमचा पत्ता कोबेचा दिसतोय. तिथून यायला किती वेळ लागेल, ताई?”

“चाळीस मिनिटं. थेट गाडी आहे.”

“अगं चिझुरु, नव्या वर्षाला तर तीन गाड्या बदलाव्या लागत होत्या ना?”

“तेव्हा गर्दी होती, आई.”

“हिला नुसतं बरं नसलं, तरी याल?”

“म्हणजे काय! लगेच येईन. मुकं जनावर ते.”

“मग सांगूनच ठेवते, आजी. हिचं हृदय कमजोर आहे, गुडघे दुखतात, एका डोळ्याने दिसत नाही. सारखं काहीतरी चालूच असतं. एखादी धडधाकट दाखवू का?”

“नको, नको. हीच द्या.”