चुन्याची भिंत आणि आमचा दुपारचा चहा

...साल सतरा होतं की अठरा, छातीठोक नाही सांगता येणार, हल्ली माझा माझ्यावरच भरवसा नाही, पण ते पोपडे आठवतात! तुम्हाला सांगतो, शिळफाट्यावरून उंची प्लास्टिक पेंट आणला, दुकानदार म्हणाला, "सर, दहा वर्षं बघायला नको!" आणि कुंभिवलीतल्या आमच्या घराला पहिल्याच पावसाळ्यात हे एवढाले पोपडे! आतली ओल बाहेर पडणार कुठून? हे मला कळायला नको? मी कोण? रसायनशास्त्रातला डॉक्टर!

आणि शेजारी बुधाजी. भातशेतीवाला, सातवी पास. त्यानं काय केलं? पिंपात चुनकळी भिजवली, पंधरा दिवस मुरवली, चिमूटभर नीळ, थोडा डिंक, आणि मारले तीन हात! बुरशी नाही, वास नाही, भर एप्रिलात हात लावा... गार! वर मलाच म्हणतो, "सर, भितीला बी दम घ्यायला लागतो, तुमी तर तिला रेनकोट घातला!" अहो, चुना हवेतून काय घेतो आणि त्याचा दगड कसा होतो, हे मी पस्तीस वर्षं फळ्यावर लिहीत होतो! मी कोण?

भिंतीचं सोसलं असतं हो. पण आमची सुनंदा! बेचाळीस वर्षांचा संसार, आणि दुपारचा चहा घेऊन ही बुधाजीच्या पडवीत, त्याच्या गौराबाईशेजारी, त्या भिंतीला पाठ टेकून! "तिकडे गार वाटतं," म्हणे. आणि मी इकडे पेटलोय त्याचं काय?

मग मीही गुपचूप चुना कालवला आणि मारला... थेट त्या प्लास्टिक पेंटवर! धरेल कसा? टेकलो की पाठ पांढरी! गौराबाई कुंपणावरून ओरडली, "अगं सुनंदाताई, बघ गं, सर पाठीला पावडर लावून हिंडतात!" मी कोण? रसायनशास्त्रातला... जाऊ द्या.

शेवटी नाक मुठीत धरून बुधाजीलाच विचारलं. सगळा पेंट खरवडला, भिंत भिजवली, पातळ तीन हात दिले. आणि झाली हो भिंत! त्याच्यापेक्षा तसूभर सरसच... निदान मला तसं वाटलं. सुनंदाला समोर बसवलं, तापमापक दाखवला, चुन्याचे फायदे पहिल्यापासून समजावले. दुसऱ्या दिवशी चहा पुन्हा तिकडेच!

का? हे विचारायचा धीर व्हायला मला चार वर्षं लागली. म्हटलं, "अगं, आपलीही भिंत तितकीच गार आहे ना?"

"आहे की," ती म्हणाली, "पण तिकडे भिंतीविषयी कोणी बोलत नाही."