तीन हाफ, एक फुल

गुलाबराव : (फोनवर) ...मंग झालं काय, तिघांचं मिळून दीडच तिकीट! तुले बाईमानूस म्हनून अर्धं, यशूले लेकरू म्हनून अर्धं, मले, तुह्या सासऱ्याले, म्हातारा म्हनून अर्धं. एकतीस वर्षं खामगाव डेपोत कंडक्टरकी केली, पन एवढं सस्तं कुटुंब माह्या गाडीत कधी चढलं नाई.

धम्मशीला : मामाजी, एसटीचं ठीक आहे हो. पण त्या पार्कचं तिकीट केवढं आहे ते पाहिलं का?

गुलाबराव : पाह्यलं ना. शेजारच्या जयमालानं मोबाइलवर सगळं काढून देल्लं. मंगळवारी गेलं तं मोठ्याले चौदाशे, लेकराले अकराशे. शनिवार-रईवारी माणसामागं चारशे जास्त. म्हनून आपन मंगळवारी जाऊ. पन एक गंमत पाय, तिथं लेकरू वयानं नाई मोजत, उंचीनं मोजतात. यशू कितीची झाली?

धम्मशीला : शाळेत मोजली तेव्हा चार फूट दोन इंच.

गुलाबराव : मंग बसते. साडेचारच्या आत हाये. लवकर नेलं पायजे बाई, पोरगी वाढली की तीनशे रुपये वाढले. एसटीत असं नव्हतं. बारा वर्षं म्हनजे बारा वर्षं. मिशा फुटलेल्या पोट्ट्याले माय दहाचा सांगे, अन् मी बी मान हालवून अर्धं फाडे.

धम्मशीला : आणि राहायचं? जेवायचं?

गुलाबराव : आदली एक रात्र खोपोलीत. रूम अठराशेची, तिघांत एक. बाहेरचं खायचं आत नेऊ देत नाईत म्हने, म्हनजे माह्या दशम्या गेटावरच राह्यतीन. आत थाली साडेतीनशेची. तीन थाल्या, वरून यशूचं आइसक्रीम. मी पिंपळगावाहून खामगाववरून नाशिकले येतो, तिथून आपन संग जाऊ. येनंजानं धरून नऊ हजार.

धम्मशीला : नऊ हजार! तुमची पेन्शन महिन्याला तीन हजार, मामाजी.

गुलाबराव : माही भिशी फुटली ना. वीस महिने भरली, एक डाव चुकलो नाई. ते पैसे काय उशाले घेऊन झोपू?

धम्मशीला : तुम्हाला तर झुल्यात बसलं की चक्कर येते.

गुलाबराव : मी कायले बसू? मी खाली बसन अन् तुमच्या चपला सांभाळन.

धम्मशीला : मामाजी, हे सगळं ठरवण्याआधी मला तुमच्याशी एक बोलायचं होतं. खरं तर मागंच बोलायला पाहिजे होतं...

गुलाबराव : बोलजो. आधी सुट्टीचं सांग. दवाखान्यातून सोमवार-मंगळवार दोन दिवस भेटतीन काय?

धम्मशीला : भेटतील, पण ऐका तर खरं. थांबा, सिलेंडरवाला आलाय खाली. यशू! ए यशू, हा फोन घे, आबांशी बोल. मी आलेच.

यशू : जय भीम, आबा! मी त्या पार्कचे व्हिडिओ पाहिले. तिथं एक राईड आहे, ती आपल्याला वर नेते आणि एकदम सोडून देते!

गुलाबराव : जय भीम, बेटा. सोडून देते म्हनजे? अन् याचे पैसे घेतात?

यशू : आबा, तसं नाही हो! मजा येते. पट्टा असतो. तुम्ही रूम बघितली का?

गुलाबराव : बघितली. एक रूम, मोठा पलंग, खाली एक जास्तीची गादी टाकून देतात. गादी मले.

यशू : एकच? मग चौघं कसे मावणार?

गुलाबराव : चौघं कोन? तिघं हावोत ना आपन. तू, तुही मम्मी अन् मी.

यशू : आणि नागसेन काका! मम्मा म्हणाली, आबा हो म्हणाले तर काका पण येतील.

गुलाबराव : कोन नागसेन काका?

यशू : मम्माच्या हॉस्पिटलमधले. लॅबमध्ये रक्त तपासतात. दहा जूनला मम्मा आणि काका लग्न करणार आहेत, ऑफिसात जाऊन, सही करून. तुम्हाला मम्मानं नाही सांगितलं? आबा? हॅलो? आवाज येतोय का?

गुलाबराव : येते, येते. सांगतलं असन तुह्या मम्मीनं. मीच इसरलो असन. आता काई ध्यानात राहत नाई माह्या.

यशू : तुम्ही बदाम खात जा.

गुलाबराव : खातो उद्यापासून. यशू, ते काका तुले रागावतात काय?

यशू : नाही. माझं गणित चुकलं की फक्त स्वतःच्या कपाळावर हात मारतात.

गुलाबराव : अन् उंच हायेत काय?

यशू : खूप! आमच्या पंख्याला हात पोचतो त्यांचा.

गुलाबराव : मंग फुल तिकीटच लागन त्यायले.

यशू : मम्मा आली. देते हां. बाय, आबा!

धम्मशीला : हं, बोला मामाजी. त्या सिलेंडरवाल्याकडे सुटेच नव्हते. कुठपर्यंत आलो होतो आपण?

गुलाबराव : चौघांवर. तीन हाफ, एक फुल.

धम्मशीला : यशू बोलली?

गुलाबराव : पोरीले रागावू नको. ती रूमचा हिशेब करून राह्यली होती, चुगली नाई केली तिनं.

धम्मशीला : मामाजी, मी दिवाळीतच सांगणार होते. शपथ. सकाळी चहा घेऊन तुमच्यापुढं बसले, तर तुम्ही मला आतली खोली दाखवायला नेलं. नवा रंग दिला होता तुम्ही. यशूसाठी टेबल आणलं होतं. मग माझं तोंडच उघडलं नाही. त्यानंतर कितीदा फोन लावला. तुम्ही फोन उचलून 'बाई, जेवली काय' म्हणायचे, की मी दुसरंच काहीतरी बोलायचे.

गुलाबराव : मी बी काई कमी नाई. मीबी एक गोष्ट मनात ठेवून होतो.

धम्मशीला : कोणती?

गुलाबराव : आता सांगून काय उपयोग. बरं, सांगतो. म्या ठरवलं होतं, पार्कात पोरगी झुल्यावरून खिदळत उतरली, की तुले इचारायचं. यशूले खामगावच्या शाळेत टाकू. तुले बी खामगावात कोन्याबी दवाखान्यात नोकरी लागन. पिंपळगावाहून रोजचं येनंजानं होते. तो रंग, ते टेबल त्याच्यासाठीच होतं. हे नऊ हजार बी त्याच्यासाठीच. सरळ सांगायचं तं लाच देऊन राह्यलो होतो मी तुले.

धम्मशीला : मामाजी...

गुलाबराव : तो इचार आता सोडला. आत्ताच सोडला, पोरगी बोलत होती तवा.

धम्मशीला : राग आला ना तुम्हाला?

गुलाबराव : कोनावर काढू? करोनानं पोरगा नेला तवा बी कोनावर काढता आला नाई. तू बत्तीस वर्षांची होती तवा. मी तुह्या जागी असतो तं मीबी असंच केलं असतं. राग नाई बाई. पन तुही सासू गेली, मंग संघर्ष गेला, अन् आता... दुपारी डोळा लागतो अन् मी 'पुढं सरका, पुढं सरका' म्हनत उठतो. इतकी वर्षं तेच वरडलो ना. उठून पाह्यतो तं घरात सरकायले कोन हाये?

धम्मशीला : असं काऊन बोलता हो मामाजी? मले रडू येऊन राह्यलं ना!

गुलाबराव : आता कशी आपली बोली आली तोंडात. नाशिकनं पुरी पुसली नाई म्हनायची.

धम्मशीला : तुम्ही या. सोमवारी या.

गुलाबराव : तुमी तिघं जा. पैसे मी जयमालाकडून तुह्या मोबाइलवर पाठवतो.

धम्मशीला : पैसे नकोत, तुम्ही पाहिजे.

गुलाबराव : मी कोन म्हनून येऊ? लोकायले काय सांगशीन? हा माह्या पहिल्या नवऱ्याचा बाप?

धम्मशीला : हो, तेच सांगीन. आणि यशूचे आबा. संघर्ष गेल्यावर माझे भाऊ चार महिने फोन करत होते, मग तेही बंद झालं. तुम्ही चार वर्षं एक रविवार चुकवला नाही. नागसेननी मला पहिल्याच दिवशी सांगितलंय, पिंपळगावला कळवल्याशिवाय सही करायची नाही. मीच भित्री. मामाजी, तुम्ही नसाल तर आम्हीही जात नाही. यशूला तुम्हीच सांगा मग.

गुलाबराव : हे बरं हाये. लाच मी देऊन राह्यलो होतो, अन् धमकी तू देते.

धम्मशीला : येणार ना?

गुलाबराव : मंग रूम दोन लागतीन. एकीत तुमी मायलेकी. एकीत मी अन् ते.

धम्मशीला : चालेल.

गुलाबराव : ते घोरतात काय?

धम्मशीला : मला काय माहीत, मामाजी!

गुलाबराव : बरं. बरं. म्हनजे सव्वातेरा हजार धर. वरचे नागसेनरावायले भरू दे. सगळं मीच भरलं तं त्यायले बी ओझं होईन.

(मे महिन्यातला शेवटचा मंगळवार, भर दुपार. पार्कमध्ये एका उंच झुल्यासमोर झाडाखालचा बाक. धम्मशीला आणि यशू झुल्याच्या रांगेत आहेत. बाकावर गुलाबराव आणि नागसेन.)

नागसेन : पाणी घ्या, आबा. थंड आहे.

गुलाबराव : कितीले भेटली बाटली?

नागसेन : ते विचारू नका.

गुलाबराव : मंग थोडं थोडं पेतो. तुमी काऊन नाई गेले त्यायच्यासंग? एवढं चौदाशेचं तिकीट काढलं.

नागसेन : मला उंचीची भीती वाटते.

गुलाबराव : अन् हात पंख्याले लागतो म्हने!

नागसेन : जमिनीवर उभं राहून लागतो, आबा. रात्री झोप लागली का तुम्हाला?

गुलाबराव : लागली. तुमाले?

नागसेन : लागली की. मधेच तुम्ही 'पुढं सरका' म्हणालात, तर मी भिंतीकडे सरकलो. मग सकाळपर्यंत तसाच.

गुलाबराव : अरे बापा! ते तुमच्यासाठी नव्हतं हो. ती एसटीतली सवय हाये.

नागसेन : असू द्या. जागा होती. ...आबा, एक विचारायचं होतं. तुम्हाला आवडणार नसेल तर सोडून द्या.

गुलाबराव : इचारा.

नागसेन : यशू मला विचारते, माझे बाबा कसे होते. धम्मशीलाला विचारलं की तिचे डोळे भरतात, ते पोरीला बघवत नाही. म्हणून माझ्या मागे लागते. तिच्या लक्षात फक्त त्यांची निळी गाडी आहे, बाकी काही नाही. मी तर त्यांना पाहिलेलंही नाही. मी काय सांगू तिला?

गुलाबराव : संघर्षाबद्दल?

नागसेन : हो. चुकलं असेल माझं तर...

गुलाबराव : नाई, नाई. चार वर्षं झाली ना. गावात मी समोरून आलो, की लोक कापसाचं बोलतात, रस्त्याचं बोलतात. त्याचं नाव कोनी काढत नाई. मले वाईट वाटन म्हनून. त्याच्या शाळेतले दोस्त बी मले पाहून दुसऱ्या गल्लीनं जातात. चांगली पोरं हायेत, वाईट नाईत. पन मंग मीबी नाव काढनं सोडलं. कोनापाशी काढू?

नागसेन : माझ्यापाशी काढा.

गुलाबराव : तुमच्यापाशी? तुमाले चालन?

नागसेन : मला ते लागणारच आहे, आबा. मी रोज तिच्यासोबत राहणार. तिच्या वडलांबद्दल मला चार गोष्टी तरी ठाऊक पाहिजेत ना.

गुलाबराव : आता कुठं सुरू करू? त्या दोघी येतीन एवढ्यात.

नागसेन : नाही येत. त्या बघा, अजून पहिल्या वळणालाच आहेत. मोठी रांग आहे.

गुलाबराव : ...जेवाले लय टाइम लावे तो. एका पोळीले अर्धा तास.