बाक काढलेलं दुकान

— तुझी शपथ, ताई, यातला शब्द न् शब्द खरा आहे. बरं, तुझी नको, तुझ्या जिवावर सध्या बरंच काही चाललंय, माझीच घेतो. माझ्या वस्तऱ्याची शपथ! कुलूपवाला माझ्या खुर्चीत बसला होता, अर्ध्या गालाला फेस, आणि एकदम म्हणतो कसा, मला पोटच नाही. मी म्हटलं, खुर्चीत बसणारे सगळे हेच म्हणतात, आरसा वेगळं सांगतो. तर म्हणाला, हे नव्हे हो, आतलं. जठर. डॉक्टरांनी काढून टाकलंय. तुझ्यासारखंच — म्हणजे तुझं थोडं तरी ठेवलंय, त्याचं सगळंच नेलं. आणि हा माणूस, ताई, शिडीवर चढून दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांची कुलपं उघडतो! रोज चार अंडी खातो. चार का सहा म्हणाला — सहाच असतील, उंच माणूस आहे. केस कापून झाल्यावर आरशात स्वतःकडे बघून असा काही हसला — काय? हो, मगाशी फेस म्हटलं. दोन्ही केलं त्यानं. दाढी करायला आलेला माणूस केस कापत नाही का? भुवई उडवलीस ना आत्ता? उडवलीस, मी बघितली. परवापासून तुझ्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. आता तेवढंच तोंडही हलव. आ कर. हे बघ, किती आहे चमच्यावर — चिमणी पण म्हणेल, बाकीचं कुठे गेलं?

बरं, राहू दे. खाली ठेवतो. ठेवला, बघ. पण मान भिंतीकडे वळवू नकोस, त्या भिंतीला माझ्यापेक्षा कमी बोलता येतं. उद्या सकाळी नर्सबाई येणार आहेत वजनाचा काटा घेऊन. माहितीये ना? मी तुला भीती घालत नाही, नुसतं सांगतो. काटा आणखी खाली गेला की नाकातून नळी. आणि नळी म्हटल्यावर तू काय म्हणालीस ते मी विसरलेलो नाही — घातलीत तर उपटून टाकीन. तू उपटशील. तू बोललीस की करतेस, हा तुझा जुना रोग आहे. आणि डॉक्टर म्हणाले, उपटली तर मग आमच्या हातात फारसं काही नाही. असं म्हणताना ते घड्याळाकडे बघत होते, मला त्यांची मान धरून सरळ करावीशी वाटली, गिऱ्हाइकाची करतो तशी. म्हणून म्हणतो, एक चमचा. अंडं आहे. उकडलेलं, कुस्करलेलं, चिमूटभर मीठ, लोण्याचं नुसतं बोट फिरवलंय. दुसरं काही नाही यात. काहीही नाही. अशी का बघतेस? नाही म्हटलं ना.

परवा वाटी बाजूला सारलीस आणि म्हणालीस, माझ्या शरीराला अन्न नको झालंय, त्याच्यावर जबरदस्ती करू नका. करू नका! मला! अगं, मला आयुष्यात कधी अहो-जाहो केलंस का? लग्नात माझ्या सासऱ्यांसमोर मला 'ए बावळ्या' म्हणणारी तू. परवा मी मागे वळून बघितलं, म्हटलं, दारात कोण पाहुणा आलाय? कोणी नव्हतं. तेव्हापासून माझ्या पोटात गोळा आहे, आणि माझं पोट तर अख्खं आहे.

हे बघ, मी तुला पचन समजावून सांगतो. हसू नकोस. म्हणजे हस, हस ना! आयुष्यभर शाळेत तू हेच शिकवलंस, दोरी घेऊन वर्गाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आतडं पसरून दाखवायचीस, आणि घरी मी ती दोरी पळवून माझी सायकल बांधायचो. तर ऐक. अन्न तोंडात जातं, तिथून बादलीत टाकल्यासारखं धप्पकन पोटात पडतं, तिथे त्याचं रक्त होतं — चूक? अगं, चूक असेल तर सांग ना. पूर्वी मी 'प्रथिनं' चुकीचं म्हटलं तरी स्वयंपाकघरातून ओरडायचीस. आता मी सरळ सरळ लोणी कर्बोदकात घालतो, बघ — लोणी हे कर्बोदक आहे! आणि भात म्हणजे चरबी! नाही? काहीच नाही? ताई, तू मला भीती घालतेयस हं आता.

बरं. खरं सांगतो, नीट सांगतो. माझ्या भाषेत सांगतो, कारण मला कळलं तेच मुळी माझ्या भाषेत. जठर म्हणजे माझ्या दुकानातला बाक. गिऱ्हाइकं येतात, बाकावर बसतात, पेपर चाळतात, एकमेकांच्या टकलाला हसतात. आणि मी एकेकाला बोलावतो, या, बसा. खुर्ची एकच आहे ना. आतडं म्हणजे खुर्ची — खरं काम तिथे. बाकावर नुसतं थांबायचं, जरा मऊ व्हायचं, आपली पाळी यायची वाट बघायची. आता कोणी येऊन बाकच उचलून नेला तर? दार उघडलं की जो तो थेट खुर्चीवर! तुझं तेच झालंय. तुझा बाक नेला, एक स्टूल तेवढं ठेवलंय. म्हणून गिऱ्हाइकं कमी सोडायची आणि कोणती सोडायची ते बघायचं. प्रथिनं म्हणजे ते आजोबा — हळू येतात, काठी टेकवतात, कोट काढायलाच त्यांना वेळ लागतो, त्यांचा कुणाला त्रास नाही. लोणी म्हणजे तो हवालदार, बसला की पेंगतो, त्याच्यामुळे मागचेही हळू होतात, ते चांगलंच. भात-बटाटा म्हणजे एकमेकांचे हात धरून आलेलं कुटुंब, सुटं व्हायला थोडा वेळ घेतं, थोडं चालतं. आणि साखर — साखर म्हणजे ना, ताई, लग्नाच्या वऱ्हाडातली टोळी. नाचत येतात, सगळे एकदम, एकाच्या मांडीवर दुसरा, खुर्चीचा पाय मोडतो, आरसा फुटतो, आणि मग सगळ्यांना पाणी हवं! आतडं घाबरून रक्तातलं पाणी ओढून घेतं. मग काळीज धडधडतं, अंगाला घाम फुटतो, पोटात पिळवटतं, डोळ्यांपुढे —

मला कसं माहीत? असं बघू नकोस. आहारवाल्या बाईंनी सांगितलं. काल. काल गेलो होतो ना मी. एकटाच. तू झोपली होतीस, शेजारच्या काकूंना बसवून गेलो. नाही, पहिल्यांदा दवाखान्यातून तुला घरी सोडलं त्या दिवशीच सांगितलं होतं. सगळं सांगितलं होतं त्या बाईंनी, बोटांवर मोजून मोजून. मी समोर बसलो होतो. आणि मी काय करत होतो? मी त्यांना हसवत होतो. त्या बाई इतक्या दमलेल्या दिसत होत्या, टेबलावर चहा थंड झालेला, मला राहवेना — मी त्यांना बोकडाची दाढी केल्याची गोष्ट सांगितली. त्या हसल्या, डोळे पुसले, आणि पुढचं जे काही बोलल्या त्याला मी मान डोलावली. कळलं ना? कळलं, कळलं. काही कळलं नव्हतं गं. मला वाटलं, आजारी माणसाला कसं जपायचं हे कुणाला शिकवायला लागतं? आई आपल्याला काय द्यायची? ताप आला, साखरपाणी. पडलो, साखरपाणी. नापास झालो —

थांब. मला हे सांगायचं नव्हतं. मला कुलूपवाल्याचं सांगायचं होतं, तू खावंस म्हणून.

दुधात. दुधात घालत होतो. ताकदीची ती पांढरी पूड, ग्लुकोजची, डब्यावर पळणाऱ्या माणसाचं चित्र आहे ती. दुधात, लापशीत, औषधाच्या पाण्यात सुद्धा. तू विचारलंस एकदा, यात काही घातलंस का रे? मी म्हटलं, छे, काय घालणार. कारण तू वाद घातला असतास, तू मास्तरीण. आणि तुला गोड लागत नव्हतं, तुला सगळं पितळ चघळल्यासारखं लागतं म्हणालीस, मग मी म्हटलं बरंच झालं, कळणार नाही. आणि मग तुला घाम फुटायचा. आठवतं ना? पेला संपला की थोड्या वेळात. खाटेची कड धरायचीस, कपाळ ओलं, मी छातीवर हात ठेवायचो तर आत नुसतं धाड-धाड-धाड, कुणी आतून दार ठोठावतंय असं. मी म्हणायचो, अशक्तपणा आलाय बाईला. आणि अशक्तपणाला काय? आणखी एक पेला. दुपारी हात थरथरायचे — त्या बाई म्हणाल्या तो दुसरा हल्ला, साखर इतकी झरकन चढते की शरीर तिला झटकून पार तळाला नेतं — तेव्हाही मी पेलाच आणला. पळत आणला गं. सांडू नये म्हणून हातानं झाकून आणला. मध्ये त्या आहारवाल्या बाईंनी दोनदा विचारलं, गोड काही देत नाही ना? मी म्हटलं, बाई, आमच्या घरात मुंगी पण उपाशी मरते! त्या हसल्या. मी लोकांना हसवतो, ताई, आणि मग ते पुढे विचारत नाहीत. तू एकटी विचारायचीस.

तर ते तुझं शरीर नव्हतं. एवढंच सांगायचं होतं. तू म्हणतेस ना, घास पोटात गेला की जीव जातोय असं होतं, आता आतलं सगळं संपलं, अन्न मला सोसत नाही — नाही गं. ते अन्न नव्हतं. तो माझा पेला होता. तुझ्या आतड्यानं बिचाऱ्यानं जे करायचं तेच केलं, त्याच्यावर कुणी वऱ्हाड सोडलं तर ते काय करेल? तू ज्याला भिऊन तोंड मिटलंयस ते या वाटीत नाही. डबा मी काल मोरीत रिकामा केला. सगळा. झाकण धुतलं. मग मोरीपाशीच बसून राहिलो, काकू विचारत होत्या, काय झालं हो, काय झालं, आणि मला एक गोष्ट सुचेना. मला! एक साधी थाप सुचेना.

बघू नकोस अशी. बोल काहीतरी. शिव्या दे. बावळ्या म्हण, मोठ्यानं म्हण, काकूंना ऐकू जाऊ दे. चमचा फेकून मार, पण आधी त्यावरचं खा. ताई, मी पाया पडतो — पडू का? हे बघ, खरंच बसलो खाली. गुडघे वाजले, ऐकलंस? दुकान बंद आहे माझं, कुलूप लावून आलोय, गिऱ्हाइकं केस वाढवून फिरतायत, मला त्याचं काही नाही. मला भीती वाटते. आई गेली, बाबा गेले, माझी बायको गेली. दुकानात माझ्या गोष्टीला 'हो का?' म्हणणारे पुष्कळ आहेत, पण 'खोटारड्या, मगाशी दाढी म्हणालास' म्हणणारी तू एकटी उरलीस. तू नसलीस तर मी काय काय बोलत सुटेन, मला कोण थांबवणार? मीच माझ्यावर विश्वास ठेवायला लागेन गं.

आणि तुला पुन्हा खाणं जमेल का, ते मी बाईंना विचारलं. काल, विनोद न करता. जमेल का आता? तर म्हणाल्या, काहींना जमतं. मी म्हटलं, म्हणजे बहुतेकांना? त्या म्हणाल्या, काहींना. उशीर झालाय, पण बघा. थोडं थोडं, आधी अंडं, मग बाकीचं, नीट चावून, खाताना पाणी नाही, खाल्ल्यावर जरा आडवं व्हायचं. एवढंच म्हणाल्या. 'सगळं ठीक होईल' असं नाही म्हणाल्या, मी दारापर्यंत वाट बघितली.

कुलूपवाला? कुलूपवाला आहे. दर आठवड्याला येतो. पण त्याचं जठर शाबूत आहे, चांगलं खुर्चीच्या दोन्ही हातांना टेकेल इतकं शाबूत आहे, ते मी कापलं. शिडी, सहा अंडी, मला पोटच नाही — ते सगळं मी रचलं, सकाळी अंडं उकडताना. जठर कापलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. तूच पहिली. बाकीचं मात्र — पूड, पेला, बाई, उशीर झालाय — ते मी रचलेलं नाही. रचता आलं असतं तर बरं झालं असतं.

काय? काय पाहिजे? उठून बसायचंय? थांब, उशी — हं. अशी. पाणी नको, पाणी आत्ता नाही, नंतर, मी देतो ना नंतर, साधं पाणी, तुझ्यादेखत माठातून काढतो. चमचा? तुझ्या हातात? सांडेल गं — बरं, घे. घे. मी वाटी धरतो. वाटी पण नको? मांडीवर ठेवू? ठेवली. ही घे. आता — काय? बोट कुणीकडे दाखवतेस? दार? जाऊ मी? नाही जाणार, काही झालं तर — खिडकीकडे? खिडकीकडे तोंड करून बसू? तू खाताना बघायचं नाही? बरं बाई, नाही बघत, हा बघ वळलो, पाठ केली. रस्त्यावर एक बाई चादर झटकतेय, तिच्या मागे एक — काय? हे पण नको? गप्प? अगदी गप्प बसू? बरं. बसतो. मी फक्त चमचा वाजतो का ते ऐक—